बारशाला बंगलोर : तिकीट थोरलीचं, विमान धाकटीचं

बुधवार, निघायच्या आदल्या दिवशी

मुलीला मुलगी झाली. बारसं शनिवारी बंगलोरला, म्हणजे गुरुवारी निघायलाच हवं होतं. डॉक्टरांनी शेवटच्या महिन्यांत प्रवास नको सांगितल्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, ही माझ्या बायकोच्या मनाला लागून राहिलेली गोष्ट, म्हणून मग माहेरच जितकं उचलून नेता येईल तितकं न्यायचं असं हिने ठरवलेलं. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, मेतकूट, गोडा मसाला, बाळंतविड्यातली कुंची आणि दुपटी, आणि माझ्या आईच्या नऊवारीची हिने स्वतः शिवलेली गोधडी. आमच्या पुण्यातल्या धानोरीच्या घरात दोन बॅगा उघड्या पडलेल्या, वरून हवाई दलाचा सुखोई गेला की बोलणं थांबायचं आणि तो गेला की परत "अहो, हे कुठे बसवू" सुरू.

तिकिटं जावयाने काढली होती, एका मोठ्या कंपनीची, म्हणजे जिथे जेवण, सामान सगळं तिकिटातच धरलेलं असतं असं आपण इतकी वर्षं समजत आलो तसली कंपनी. नाव लिहीत नाही, कारण तिकिटातून जेवण, सामान एकेक करून सुटं निघत चाललंय, हा प्रश्न एका कंपनीचा नाही. मला त्या तिकिटाचा आनंद झाला होता हे खरं सांगतो. मी १९९७ पासून लोहगावजवळच्या एका फ्लाइट किचनमधे होतो, निवृत्त होईपर्यंत तिथेच. विमानात तुमच्यासमोर जो ट्रे यायचा ना, तो रात्री दोन-तीनला लावणाऱ्या लोकांपैकी मी एक. त्यामुळे विमानातलं खाणं हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच.

रात्री तिकीट नीट वाचलं. सगळ्यात स्वस्त प्रकारातलं होतं, माणशी १५ किलो. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती मी तेव्हा वाचली पण मनावर घेतली नाही.

गुरुवार

घर ते विमानतळ पंधरा-वीस मिनिटं, रस्ता मोकळा असेल तर. टॅक्सीने सोडलं आणि नव्या टर्मिनलमधे शिरलो. हे टर्मिनल जुलै २०२४ पासून चालू आहे, त्याआधीच्या जुन्या इमारतीतली ती रांग, ते खांबाला टेकून बसलेले लोक आठवले की आता खूपच बरं आहे. एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीमुळे गाड्यांची गर्दीही थोडी विखुरली गेलीये. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी त्यांची, आपण पाहुणे, तरी पाहुण्यांची खोली आता नीट झाली आहे एवढं म्हणता येईल.

काउंटरवर दोन्ही बॅगा मिळून ३४ किलो भरल्या. एकाच तिकिटावर दोघं म्हणून ३० चालतात, वरच्या ४ किलोचे किलोला सहाशेच्या पुढे. काउंटरवरच्या मुलीचा काही दोष नव्हता, ती नम्रपणे सांगत होती, "काका, थोडं हातातल्या बॅगेत घ्या". मग बाजूला होऊन बॅगा उघडल्या. सगळ्या लोकांदेखत कुंची, दुपटी, शेपांची पुडी असं सगळं बाहेर, आणि ही गुडघ्यावर बसून लाडवांचा डबा हातातल्या बॅगेत कोंबते आहे, त्या बॅगेलाही माणशी ७ किलोची मर्यादा आहेच. शेवटी माझे दोन स्वेटर अंगावर चढवले, गोधडी हातात घेतली आणि बसलं एकदाचं. गोधडी मात्र हिने बॅगेत परत ठेवली नाही, बंगलोरपर्यंत मांडीवर घेऊन बसली.

जेवण गेलं याचं लोकांना फार वाटत नाही असं माझं मत झालंय, सामानाचं वाटतं. दीड तास माणूस उपाशी राहू शकतो. पण आपल्याकडे माणूस लेकीकडे, बहिणीकडे निघतो तेव्हा तो एकटा जात नाही, त्याच्याबरोबर घर जातं, आणि घर १५ किलोत बसत नाही.

गेटवर गेलो तर बाहेर उभं असलेलं विमान वेगळ्याच रंगाचं. थोरल्या कंपनीचं नाव नाहीच, तिच्या धाकट्या, स्वस्तातल्या कंपनीचं विमान. मी आधी गेट चुकलं समजून मागे फिरलो. मग ती बारीक ओळ आठवली. तिकीट थोरलीच्या नावाचं, फ्लाइट नंबर थोरलीचा, पण उडवणार धाकटी. पूर्वी सोयरिकीत असं केलं की लोक भर मांडवात उठून जायचे. इथे आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो आणि चढलो.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो, कारण हे असं का झालं ते त्याशिवाय कळत नाही. पुणे-बंगलोर कागदावर दीड तास. त्यातून चढण आणि उतरण काढली, पट्टे बांधून बसायचा वेळ काढला, की एअर होस्टेसच्या हातात जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं राहतात. ५० सीटला एक क्रू हा नियम, म्हणजे १८० सीटच्या विमानात चौघं. चौघांनी चाळीस मिनिटांत दीडशेच्या वर लोकांना गरम जेवण द्यायचं, चहा द्यायचा, ट्रे परत गोळा करायचे आणि ट्रॉल्या लॉक करायच्या. मी त्या पोरींना उतरल्यावर पाहिलंय, घामाघूम असायच्या. शिवाय ओव्हन लागतो, ट्रॉल्यांना जागा लागते, म्हणजे मागची गॅली, विमानातलं छोटं स्वयंपाकघर, मोठी लागते. गॅली लहान केली की तिथे आणखी सीट बसतात, त्याच ए३२० विमानात कुणी १५८ सीट लावायचं (विस्तारा कंपनीने बिझनेस, प्रीमियम इकॉनॉमी धरून तशा लावल्या होत्या) आणि कुणी इंडिगोसारखं १८६. आणि जमिनीवर आमची हाय-लिफ्टची, म्हणजे ट्रॉल्या विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी विमानाला लागणार, रिकाम्या ट्रॉल्या उतरणार, भरलेल्या चढणार, यात वेळ जातो. स्वस्तवाल्या कंपन्यांचं सगळं गणितच विमान अर्ध्या तासात परत उडवायचं, कारण जमिनीवर उभं विमान काही कमवत नाही.

म्हणून छोट्या फ्लाइटवरून गरम जेवण काढलं तर मला त्याचा राग नाही. ज्याने ते ट्रे लावले तोच हे म्हणतोय.

विमानात कपातला उपमा, कपातले पोहे, कप नूडल्स विकत होते. गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं, थोडं थांबायचं. ओव्हन नको, ट्रे नको, परत काही गोळा करायचं नको, आणि विकला गेला नाही तर कप उद्याच्या फ्लाइटला चालतो, आमचा कॅसरोल, म्हणजे गरम जेवणाचा डबा, उरला की टाकूनच द्यावा लागायचा. पाणी मागितलं तर कागदी पेल्यात दिलं, पैसे घेतले नाहीत. हिने डब्यातला एक डिंकाचा लाडू काढून अर्धा मला दिला.

संध्याकाळी नातीला पाहिलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते माझ्यापाशीच राहू दे.

शुक्रवार

जावई सॉफ्टवेअरमधला, त्यातून तिकिटांच्या बुकिंगच्या सिस्टिमवर काम करणारा. सकाळी बाळ झोपलं तेव्हा आम्ही दोघं बाल्कनीत चहा घेऊन बसलो आणि मी विषय काढलाच, की बाबा रे, तू घेतलंस थोरलीचं तिकीट, बसवलंस आम्हाला धाकटीत. तो बिचारा फार ओशाळला, "बाबा, माझ्याही लक्षात आलं नाही हो". मग त्याने लॅपटॉप उघडून मला समजावलं.

त्याचं म्हणणं असं की आता तिकीट म्हणजे फक्त खुर्ची. बाकी सगळं सुटं सुटं करून वर लावायचं, बॅग, सीट निवडणं, खाणं, तारीख बदलणं, आणि एकाच विमानाची तीन-चार नावांची तिकिटं दाखवायची. याचं कारण लोकांची सवय. लोक साइट उघडतात आणि सगळ्यात खालचा आकडा बघून घेतात, शंभर-दोनशेच्या फरकाने कंपनी बदलतात. मग थोरली कंपनीसुद्धा त्या यादीत वर यायला आपलं एक उघडंबोडकं तिकीट काढते. "आपणच तर तसं घेतलं ना बाबा", तो म्हणाला, आणि हे खरंय, मी नाही कसं म्हणू.

आणि हे आपल्याकडेच नाही. ब्रिटिश एअरवेजने जानेवारी २०१७ पासून युरोपातल्या छोट्या फ्लाइटवर इकॉनॉमीत फुकटचं खाणं बंद करून विकायला सुरुवात केली, पुढे काही वर्षांनी पाणी आणि थोडा खाऊ परत आणला. जर्मनीच्या लुफ्तान्साने मे २०२१ पासून तेच केलं, पाण्याची बाटली आणि एक चॉकलेट तेवढं ठेवलं. तिकडच्या छोट्या फ्लाइटमधला बिझनेस क्लास तर बहुतेक ठिकाणी इकॉनॉमीचीच खुर्ची असते, फक्त मधली रिकामी ठेवतात आणि पुढे पडदा ओढतात. अमेरिकेत पहिल्या बॅगेचे १५ डॉलर घ्यायला मोठ्यांमधे अमेरिकन एअरलाइन्सने २००८ मधे सुरुवात केली, तेल महागलं होतं म्हणून, तेल उतरलं पण बॅगेचे पैसे राहिले. आणि बॅग फुकट नेणारी म्हणून जिचं नाव होतं त्या साउथवेस्टनेही मे २०२५ च्या शेवटापासून पैसे लावले.

धाकटी काढायची पद्धतही जुनीच. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने २००४ मधे जेटस्टार उडवली, स्पेनच्या इबेरियाने २०१२ मधे इबेरिया एक्स्प्रेस, लुफ्तान्साने २०१३ पासून फ्रँकफर्ट आणि म्युनिक सोडून बाकीच्या युरोपातल्या फ्लाइट आपल्या धाकट्या जर्मनविंग्जकडे दिल्या. लांबचं थोरली बघणार आणि जवळचं धाकटी.

मी त्याला म्हटलं, हे आपल्याकडे मी डोळ्यांनी पाहिलंय. जेट एअरवेजने २००७ मधे एअर सहारा घेतली आणि जेटलाइट केली, २००९ मधे जेट कनेक्ट काढली. किंगफिशरने स्वस्तातली एअर डेक्कन घेऊन तिची २००८ मधे किंगफिशर रेड केली. आमच्या किचनला तेव्हा रोज सकाळी विचारावं लागायचं, आज ही फ्लाइट जेवणाची की बिनजेवणाची, कारण कंपनी तीच, रंग जवळजवळ तोच, आणि प्रवासी वर बसून जेवणाची वाट बघायचे आणि शिव्या खायच्या त्या एअर होस्टेसनी. जेटने २०१४ मधे तो प्रकार बंद करून परत सगळं एकच केलं, कारण लोकांचा गोंधळ होत होता. आता किंगफिशर नाही, २०१२ लाच बसली, जेट एप्रिल २०१९ मधे बंद पडली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मधे विलीन झाली. गोंधळ मात्र राहिला.

मग मी त्याला वंदे भारतचं सांगितलं. सोलापूर-मुंबई वंदे भारत पुण्यावरूनच जाते. तिचं तिकीट काढताना विचारतात, जेवण हवं का नको. नको म्हटलं की तेवढे पैसे कमी होतात, शताब्दीलाही तसंच. प्रवाशाला दिसतं की जेवणाचे इतके होते आणि ते माझे वाचले. माझं भांडण एवढंच आहे. जेवण काढा, पण मग माझं तिकीट किती कमी झालं ते दाखवा. विमानात जेवण निघालं तेव्हा तिकीट कमी झाल्याचं मला कुणी दाखवलं नाही, आणि बॅगेचे पैसे लागले तेव्हा मात्र पावतीवर छापून दिले. जावई यावर काही बोलला नाही, विचार करत होता. पोरगी आतून म्हणाली बाबा हळू बोला, बाळ उठेल.

शनिवार, बारसं

पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या", आणि आत्याने कानात नाव सांगितलं. गोधडी पाळण्यात घातली. हिचे डोळे भरून आले, माझेही. लाडू बंगलोरच्या शेजारणींना इतके आवडले की डबा दुपारीच निम्मा झाला.

व्याही मूळचे बेळगावचे, नोकरीमुळे आयुष्य बंगलोरात गेलं. जेवणं झाल्यावर त्यांच्याशी बोलत बसलो तर तेही याच विषयात रमले, कारण एअर डेक्कन बंगलोरचीच. कॅप्टन गोपीनाथ, सैन्यातून आलेला माणूस, शेती केली, हेलिकॉप्टरचा धंदा केला आणि २००३ मधे स्वस्तातलं विमान काढलं. एक रुपयाचं तिकीट त्यांनीच आणलं. व्याही सांगत होते की त्यांच्या वडिलांना, ज्यांनी उभा जन्म एसटीने प्रवास केला, त्यांना त्यांनी डेक्कननेच पहिल्यांदा विमानात बसवलं, वर पाण्याचेही पैसे लागले पण म्हातारा खिडकीतून नजर काढेना.

हे ऐकून मी गप्प झालो. आमच्या किचनमधे तेव्हा आम्ही म्हणायचो की बिनजेवणाच्या विमानात बसणार कोण. आम्ही ट्रेकडे बघत होतो, आणि पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस ट्रेकडे बघत नव्हता. स्वस्त विमानांनी जे केलं ते मोठं काम आहे आणि ते मी मानतो. पण डेक्कनने कुणाला फसवलं नाही. काही मिळणार नाही असं सांगून तिकीट विकलं, आणि तेही थोड्या पैशात. आज थोरली कंपनी जेव्हा तेच करते तेव्हा नाव आणि भाव थोरलीचा ठेवते, इथे माझं मन अडतं.

गंमत म्हणजे स्वस्तवाले आता उलट दिशेने निघालेत. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबईवर पुढे मोठ्या खुर्च्या लावल्या, जेवणासकट. एक वरून खाली येतोय, दुसरा खालून वर.

रविवार

कुठेही गेलो नाही. नात मांडीवर होती.

सोमवार, परत

परतीची फ्लाइट दुपारची. मुलीच्या घरापासून विमानतळ चाळीस किलोमीटर तरी असेल, वायुवज्र या विमानतळाच्या बसने गेलो, बस आरामशीर आहे आणि दोघांना टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सामान या वेळी दोन्ही मिळून १९ किलो, कुणी काही बोललं नाही. घरून निघताना ओझं जास्त आणि लेकीकडून परतताना कमी, ही आईबापांची रीतच आहे.

या वेळी विमान खरंच थोरलीचं होतं, रंग, नाव सगळं. बसल्यावर मला उगाच हुरूप आला, की आता ट्रॉली येईल आणि फॉइल उघडल्याचा तो वास. ट्रॉली आली. कागदी खोका दिला, त्यात एक थंड सँडविच, एक केकचा तुकडा, आणि पाण्याची छोटी बाटली. मी खोका उघडून नीट पाहिला. वाईट नव्हता. ब्रेड ताजा होता, आतलं पनीर नीट पसरलं होतं, कुणीतरी मन लावून केलं होतं, ते हाताला कळतं. खोका का, तर ट्रे परत घ्यायचा नाही, धुवायचा नाही, कचऱ्याची पिशवी फिरवली की झालं. गरम जेवण आम्ही शिजवून लगेच ५ डिग्रीच्या खाली थंड करायचो, मग थंड खोलीत बसून भरायचो, वर ओव्हनमधे पुन्हा गरम व्हायचं, त्या साखळीत प्रत्येक पायरीला एक माणूस होता. खोक्याला ती साखळी अर्धीच लागते.

आणि खोकासुद्धा सगळ्यांना नव्हता का, तर होता, पण माझ्या शेजारच्या तरुण मुलाने घेतलाच नाही, कानात इअरफोन, झोपला. त्याला काहीच नको होतं. त्याच्याही तिकिटात त्या सँडविचचे पैसे होते. मग वाटलं, खरंच तिकिटावर जेवण हवं-नको असा चौकोन असता तर त्याचे वाचले असते आणि मला थोडे जास्त घालून गरम उपीट मिळालं असतं, खऱ्या कढईतलं. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनमधे लोक डायनिंग कारमधे जाऊन स्वतःच्या पैशाने कटलेट आणि टोस्ट खातात, कुणाची तक्रार नाही, उलट त्यासाठी गाडी धरतात. विकत आहे म्हणून पुणेकर कधी रुसला नाही. चांगलं द्या, भाव सांगा.

एअर होस्टेस खोके गोळा करायला आली तेव्हा मी तिला सांगितलं की मी फ्लाइट किचनचा माणूस. ती थांबली, दोन मिनिटं का होईना बोलली. तिने सांगितलं की खोक्यामुळे त्यांचं काम हलकं झालंय, भाजण्याची भीती नाही, आणि शेवटच्या दहा मिनिटांत धावावं लागत नाही. हे मला माहीत असूनही तिच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. ट्रेच्या आठवणीत मी हे विसरता कामा नये.

पुण्याला उतरलो तर बाजूच्या विमानाला आमच्या जुन्या किचनची हाय-लिफ्ट लागलेली, वर उचललेली. बसमधून मान वळवून मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली. कोविडमधे एप्रिल २०२१ ला दोन तासांच्या आतल्या देशातल्या फ्लाइटवर जेवण बंदच केलं होतं सरकारने, नोव्हेंबरमधे परत चालू झालं. दिल्ली, कोलकाता अशा काही सोडल्या तर पुण्याहून बऱ्याचशा फ्लाइट दोन तासांच्या आतल्याच, म्हणजे ते सात महिने आमचं किचन जवळजवळ विझलं होतं. पराठे लाटणाऱ्या बायका, कळस-धानोरीच्या, रात्रपाळीला कंपनीच्या गाडीने येणाऱ्या. त्यातल्या कितीतरी परत आल्याच नाहीत, कारण जेवण चालू झालं तरी पूर्वीइतके ट्रे चालू झाले नाहीत. विमानातून जेवण गेलं असं आपण म्हणतो तेव्हा प्रवाशाचंच बोलतो. त्या बायकांचं कुणी बोलत नाही म्हणून मी लिहून ठेवतो.

घरी आल्यावर आमच्या वेळच्या एका पोराला फोन केला, तो आता तिथे सुपरवायझर आहे. म्हटलं नात झाली, पेढे द्यायला येतो, कधी येऊ. म्हणाला, "काका, रात्री या, पहाटेच्या फ्लाइटचं भरणं असतं तेव्हा सगळे असतात". विचारलं किती ट्रे. "ट्रे कसले काका, खोके. आणि बुक केलेली गरम जेवणं बावीस". पूर्वी त्याच फ्लाइटला आम्ही शंभराच्या वर लावायचो.

रात्री साडेबाराला गेलो. पेढे आणि उरलेले डिंकाचे लाडू घेऊन. चारच बायका होत्या लाटायला. एकीने मला ओळखलं, पीठ लागलेले हात पदराला पुसून तिने पेढा घेतला आणि विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं.